वाकाटककालीन विदर्भातील अग्रहार, अमात्य व प्रांतिक शासन

वाकाटक राजवटीत (इ. स. सु. २५०–५००) विदर्भ व त्याच्या आसमंतात रूढ असलेली प्रांतिक कारभाराची व्यवस्था. राजाने नेमलेले अधिकारी व कुलपुत्र, वंशपरंपरेने अमात्यपद सांभाळणारी घराणी, मांडलिक राजे आणि करमुक्त भूमी उपभोगणारे ब्राह्मण व भिक्षुसंघ हे या व्यवस्थेचे प्रमुख घटक होत. तिचे स्वरूप मुख्यत्वे ताम्रपट व शिलालेख यांवरून कळते. त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या साधनांपैकी एक वाशिम येथे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म नगरात, सापडले आहे. धर्मसंस्थेचे प्रमुख आणि प्रादेशिक सरदार यांनी मिळून प्रांताचा कारभार पाहावा, अशी पद्धत मध्ययुगाच्या आरंभी यूरोपात अनेक ठिकाणी होती. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमधील बिशप व एल्डरमन यांची जोडी हे तिचे ठळक उदाहरण होय. वाकाटक राज्यातही धर्म, भूमी व सत्ता यांची सांगड घातलेली दिसते. तथापि तेथे धर्माधिकाऱ्याला शासनाचे पद मिळाले नाही. त्याला भूमी मिळाली, सवलती मिळाल्या आणि त्याबरोबर काही अटीही पाळाव्या लागल्या. हा फरक कसा पडला व त्याचे परिणाम काय झाले, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

वत्सगुल्म शाखा : वाकाटक हे विष्णुवृद्ध गोत्री ब्राह्मण. पहिला विंध्यशक्ती हा वंशाचा संस्थापक व त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन हा पराक्रमी राजा. प्रवरसेनाने चार अश्वमेध व इतर श्रौत यज्ञ केले आणि ‘सम्राट’ ही पदवी धारण केली. त्याच्या मृत्यूनंतर राज्याची विभागणी झाली. पुराणांत त्याच्या चार पुत्रांचा उल्लेख आहे. परंतु लेखांवरून दोनच शाखांची माहिती मिळते. ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन (रामटेकजवळील नगरधन) येथून व पुढे प्रवरपूर येथून राज्य करी. दुसरी शाखा सर्वसेनाने वत्सगुल्म येथे स्थापन केली. हा सर्वसेन हरिविजय या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणूनही प्रसिद्ध आहे. त्याच्यानंतर दुसरा विंध्यशक्ती (यालाच विंध्यसेन असेही म्हणत), दुसरा प्रवरसेन, देवसेन व हरिषेण हे या शाखेतील प्रमुख राजे होऊन गेले. हरिषेणाच्या कारकीर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, या शाखेचा प्रभाव कळसास पोहोचला.

ज्येष्ठ शाखेची माहिती विद्वानांना एकोणिसाव्या शतकापासून होती. परंतु वत्सगुल्म ही स्वतंत्र शाखा होती हे वाशिम ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आल्यावरच स्पष्ट झाले. त्यापूर्वी अजिंठ्याच्या लेण्यातील वंशावळीत विंध्यसेनाचे नाव पृथिवीषेण असे वाचले जात असे आणि त्यामुळे दोन्ही शाखांची सरमिसळ होई. वासुदेव विष्णु मिराशी यांनी ताम्रपटाच्या आधारे ते वाचन दुरुस्त केले आणि वाकाटकांच्या सर्व लेखांचे संपादन करून १९६३ मध्ये ते प्रसिद्ध केले. वाशिम हे १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. तत्पूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते.

प्रांतिक शासनाची घडण : वाकाटक राज्याचे विभाग राज्य, राष्ट्र, आहार, भोग व मार्ग अशा नावांनी ओळखले जात. भोजकट राज्य व सुप्रतिष्ठ आहार ही यांची लेखांतील उदाहरणे होत. वाशिम ताम्रपटात दान दिलेले गाव नांदीकड विभागाच्या उत्तर मार्गात असल्याचे म्हटले आहे. नांदीकड म्हणजे आजचे नांदेड होय. सर्व संज्ञांची उतरंड एकसारखी होती, असे म्हणता येत नाही; एखाद्या प्रदेशात रूढ असलेले जुने नाव नव्या राजवटीने तसेच चालू ठेवल्याचेही दिसते. भोजकट हे याचे उदाहरण आहे. ते नाव विदर्भातील प्राचीन भोजांच्या आठवणीशी निगडित आहे.

दानपत्रांतील आज्ञा ज्यांना उद्देशून असत, त्यांच्या यादीवरून अधिकाऱ्यांची श्रेणी समजते. सर्वाध्यक्ष हा वरिष्ठ अधिकारी होता. त्याच्या हाताखाली राजाज्ञा घेऊन प्रांतात संचार करणारे कुलपुत्र असत. कुलपुत्र म्हणजे चांगल्या घराण्यात जन्मलेला. राजाची आज्ञा गावोगावी पोहोचविण्याचे व ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम अशा कुलीन पुरुषांकडे सोपविले जाई. त्यांच्याबरोबर भट व छात्र हे सैनिक किंवा रक्षक असत. सेनापतीचा उल्लेख ताम्रपटाच्या शेवटी येतो. चम्मक ताम्रपट लिहिला गेला तेव्हा चित्रवर्मा हा सेनापती होता, अशी नोंद त्यात आहे. भूमिदानाच्या व्यवहारात सेनापतीचे नाव का यावे, याचे उत्तर या दानांच्या स्वरूपात सापडते. गावात सैनिकांनी प्रवेश करू नये ही दानातील एक महत्त्वाची सवलत होती आणि ती पाळण्याची जबाबदारी अखेर सैन्याच्या प्रमुखावरच होती.

याशिवाय काही भागांत राजाच्या आश्रयाखालील सरदार असत. चम्मकचे दान राजाने शत्रुघ्नराजाचा पुत्र कोंडराज याच्या विनंतीवरून दिले. म्हणजे प्रदेशातील बलाढ्य पुरुषाला स्वतःच्या अधिकारात गाव देता येत नव्हते. त्याला राजाकडे विनंती करावी लागे. दुसऱ्या बाजूने, राजालाही अशा पुरुषाची इच्छा डावलणे सोयीचे नसावे. दानपत्रातील विनंतीचा हा लहानसा उल्लेख केंद्र व प्रांत यांमधील परस्परावलंबन दाखवितो.

वाशिम ताम्रपट : दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून हे दानपत्र दिले. त्यात राजाने स्वतःला ‘धर्ममहाराज’ म्हणविले आहे. आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना त्यायोगे देण्यात आले. ताम्रपटाचा वंशावळीचा आरंभीचा भाग संस्कृतात असून दानाचा प्रत्यक्ष तपशील मात्र प्राकृतात आहे. वंशाचे वैभव विद्वत्तेच्या भाषेत व गावाचा व्यवहार सर्वांना समजणाऱ्या भाषेत, असा हा भेद आहे. पुढील काळात वाकाटकांची दानपत्रे संपूर्ण संस्कृतात लिहिली जाऊ लागली. त्यामुळे या संक्रमणाची साक्ष म्हणूनही वाशिम ताम्रपटाला महत्त्व आहे.

ताम्रपटातील सवलतींची यादी हे त्या काळच्या ग्रामजीवनाचे अप्रत्यक्ष चित्रच होय. सैनिकांनी गावात शिरू नये. मिठाच्या उत्खननावर राजाचा हक्क सांगितला जाऊ नये. सोने व धान्य ऐच्छिक नजराण्याच्या नावाखाली मागू नये. फुले व दूध घेऊ नये. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांसाठी गाई-बैल पाळीपाळीने पुरविण्यास लावू नये. कातडी व कोळसा मागू नये. मुक्कामासाठी खाट व इतर सोयी करावयास लावू नयेत, असे त्यात सांगितले आहे. भूमीतील गुप्त धन व ठेवी यांवरील हक्कही दान घेणाऱ्यांकडे देण्यात आले. या अर्थाच्या सवलती ज्येष्ठ शाखेच्या दानपत्रांतही येतात आणि तेथे विष्टी म्हणजे वेठ यातूनही गाव मुक्त केल्याचे म्हटलेले असते. ज्या गोष्टींतून एखादे गाव मुक्त होते, त्या गोष्टी इतर गावांना द्याव्या लागत असल्या पाहिजेत. नियमित कराव्यतिरिक्त राजपुरुषांचा पाहुणचार, त्यांची वाहने, त्यांचे इंधन व त्यांची सेवा यांचा भार खेड्यांवर पडत असे, हे या यादीवरून सिद्ध होते.

या ठिकाणी एक प्रश्न उरतो. सवलत मिळाली ती कोणाला? गावातील शेतकरी या बोजातून मुक्त झाला की, पूर्वी राजपुरुषाला द्यावयाचे ते आता त्याला दानभोगी ब्राह्मणाला द्यावे लागले? दानपत्राचा शब्दार्थ गावाला मुक्त करतो. पण गावाचे उत्पन्न दान घेणाऱ्याकडे जाते, हेही त्यात स्पष्ट आहे. प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटात गावातील ब्राह्मणादी कुटुंबिकांना उद्देशून दान जाहीर केले आहे. यावरून शेती करणारे कुटुंबिक दानानंतरही गावातच राहत व त्यांना नव्या स्वामीची माहिती रीतसर दिली जाई, एवढे निश्चित होते. दान घेणाऱ्यांची नावे व गोत्रे अनेक ताम्रपटांत काळजीपूर्वक कोरलेली असतात. कसणाऱ्यांची नावे मात्र त्यांत येत नाहीत.

चम्मक ताम्रपट व दानाच्या अटी : वाकाटक दानपत्रांत प्रांतिक शासनाच्या दृष्टीने सर्वांत बोलका लेख चम्मकचा आहे. हे गाव अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ आहे. ज्येष्ठ शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनाने (वत्सगुल्म शाखेतील त्याच नावाच्या राजाहून हा वेगळा) आपल्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षी भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव दान दिले. दानातील जमीन राजकीय मापाने ८,००० भूमी एवढी असून ती निरनिराळ्या गोत्रांच्या व शाखांच्या १,००० ब्राह्मणांना दिल्याचे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्ष नावे मात्र ४९ आहेत. चतुर्वेदी ब्राह्मणांच्या गावाला पूर्वीच्या राजांनी जी मर्यादा मान्य केली होती, तीच येथे लागू केली आहे. यावरून अशा गावांसाठी एक ठरीव संहिता प्रचारात होती, असे अनुमान निघते.

या दानाला जोडलेल्या अटी विशेष लक्षणीय आहेत. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालेल. मात्र ब्राह्मणांनी सप्तांग राज्याविरुद्ध द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार किंवा राजाला विषप्रयोग यांसारखे अपराध करू नयेत, युद्ध करू नये आणि इतर गावांना उपद्रव देऊ नये, असे त्यात बजावले आहे. त्यांनी असे केले किंवा असे करणाऱ्यांना संमती दिली, तर ती भूमी काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही, असेही स्पष्ट केले आहे. भूमिदान हरण करणे हे धर्मशास्त्राच्या दृष्टीने महापातक मानले जात असल्यामुळे, राजाने हा दोष आपल्यावर येणार नाही याची तरतूद आधीच करून ठेवली.

या अटींचा अर्थ केवळ औपचारिक मानता येत नाही. एका ठिकाणी मोठ्या संख्येने वसविलेल्या आणि सैनिकांना प्रवेश नसलेल्या वसाहतीकडून युद्ध किंवा राजद्रोह घडण्याची शक्यता राज्यकर्त्यांना वाटत होती, असे त्यांवरून दिसते. करमुक्त अग्रहार हे राजसत्तेबाहेरचे बेट होऊ नये, ही चिंता त्यामागे होती. शेजारच्या गावांना उपद्रव न देण्याची अट तर अधिकच व्यावहारिक आहे. पाणी, कुरण व शिव यांवरून होणारे तंटे तिच्या मुळाशी असू शकतील.

ज्या दानांत एकच व्यक्ती दान घेणारी असते, तेथे संबंधाचे स्वरूप निराळे दिसते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व ज्येष्ठ शाखेतील दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता हिने युवराज दिवाकरसेन अल्पवयीन असताना राज्यकारभार पाहिला. १३ व्या वर्षी नंदिवर्धन येथून दिलेल्या दानपत्राने तिने भगवद्भक्त आचार्य चनालस्वामी यास दंगुण हे गाव दिले आणि ते आधी भगवंताच्या पादमूली निवेदन केले. येथे आचार्याचा आदर आहे, परंतु त्याला कोणताही शासकीय अधिकार दिल्याचा उल्लेख नाही.

अमात्यकुळे : शासनाचा अधिकार ज्यांच्याकडे होता, ती अमात्यांची घराणी होत. त्यांपैकी हरिषेणाचा अमात्य वराहदेव याच्या कुळाची माहिती दोन लेखांतून मिळते. एक लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात व दुसरा अजिंठ्याच्या पश्चिमेस जिंजाळा गावाजवळील घटोत्कच लेण्यात आहे. ही दोन्ही लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात आहेत.

घटोत्कच लेखानुसार हे कुळ वल्लूर नावाच्या दाक्षिणात्य ब्राह्मणांचे असून यज्ञपती हा त्याचा मूळपुरुष. या कुळात पुढे सोम नावाचा पुरुष झाला. त्याला ब्राह्मण व क्षत्रिय अशा दोन्ही वर्णांच्या स्त्रियांपासून संतती झाली. ब्राह्मण स्त्रीच्या पुत्रांनी वेदविद्येत प्रावीण्य मिळविले, तर क्षत्रिय पत्नीचा पुत्र रवी याने राज्यकारभाराचा मार्ग धरला. त्याच्या वंशात हस्तिभोज व हस्तिभोजाचा पुत्र वराहदेव हे झाले. एकाच घरातील एक शाखा वेदाध्ययनाकडे व दुसरी शासनाकडे वळली, ही नोंद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. विद्या व सत्ता या दोन्ही वाटा एकाच कुळाला खुल्या होत्या. परंतु त्या दोन वेगळ्या वाटा म्हणूनच ओळखल्या जात.

देवसेनाने राज्याचा भार हस्तिभोजावर टाकला व स्वतः सुखोपभोगात काळ घालविला, असे सोळाव्या लेण्यातील लेख सांगतो. राजाला कमीपणा आणणारा हा मजकूर अमात्याच्या पुत्राने राजवंशाच्या प्रशस्तीतच कोरविला, यावरून या घराण्याचे वजन किती होते ते लक्षात येते. वराहदेव ब्राह्मणकुळातील असूनही त्याने सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघाला अर्पण केले. दानाचा पात्र कोण, हा त्या काळी केवळ स्वतःच्या उपासनेचा प्रश्न नव्हता. अजिंठ्यासारख्या स्थळी संघाला आश्रय देणे हे प्रदेशातील प्रतिष्ठेचेही लक्षण होते.

देवसेनाच्या काळातील आणखी एक अधिकारी वाशिमजवळील हिस्से-बोराळा येथील शिलालेखावरून कळतो. शके ३८० (इ. स. ४५८) मधील या लेखात देवसेनाचा आज्ञाकारी स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा तलाव बांधविल्याची नोंद आहे. वाकाटकांच्या लेखांत सामान्यतः राजाच्या कारकीर्दीचे वर्ष असते. शककाल देणारा हा लेख त्यामुळे वाकाटकांच्या कालगणनेचा एक भक्कम आधार ठरला आहे. प्रांतिक अधिकाऱ्याचे काम केवळ वसुलीचे नसून पाण्याची सोय करण्याचेही होते, हे त्यावरून दिसते.

मांडलिक व भिक्षू : अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील लेख एका मांडलिक राजाचा आहे. त्याचे स्वतःचे नाव नष्ट झाले असले, तरी त्याच्या पूर्वजांची नामावळी शिल्लक आहे. त्याचा प्रदेश म्हणजे ऋषीक (खानदेश), असे मिराशींचे मत आहे. धाकटा भाऊ रविसांब याच्या मृत्यूनंतर ज्येष्ठ भाऊ धर्मकृत्यांकडे वळला व त्याने लेणे कोरविले. लेखात हरिषेणाचे अधिराज्य मान्य केले असून अश्मकांवरील विजयाचा निर्देशही आहे. सव्विसाव्या लेण्यातील लेख मात्र त्या अश्मकांशीच संबंधित आहे. भिक्षू बुद्धभद्र याने ते लेणे अश्मकराजाचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ व आपल्या माता-पित्यांच्या पुण्यार्थ कोरविले. भव्विराजाशी आपली मैत्री अनेक जन्मांची असल्याचे तो सांगतो. धर्मदत्त व भद्रबंधू या दोन शिष्यांनी कामावर देखरेख केली.

साधनसंपन्न, अमात्याचा मित्र व मोठ्या वास्तूचा कर्ता असा बुद्धभद्र हा या काळातील धर्मपुरुषांत बिशपच्या सर्वांत जवळ येणारा म्हणता येईल. परंतु त्याच्या लेखातही न्यायदान, करवसुली किंवा प्रांताधिकार यांचा उल्लेख नाही. त्याचा प्रभाव मैत्रीचा व दातृत्वाचा होता, पदाचा नव्हता.

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडशी तुलना : इ. स. ५९७ मध्ये ऑगस्टीन केंटमध्ये आल्यापासून १०६६ च्या नॉर्मन विजयापर्यंतच्या इंग्लंडमध्ये धर्मसंस्था व प्रांतिक शासन यांची वीण वेगळ्या रीतीने घातली गेली. कँटरबरीचा आर्चबिशप थीओडोर (अधिकारकाल ६६९–६९०) याने बिशपांच्या प्रदेशांची फेररचना केली व धर्मसभा भरविल्या. पुढे दहाव्या शतकात राजा एडगर याच्या कायद्याने शायर या प्रांतिक विभागाची सभा वर्षातून दोनदा भरविण्याचे व तीत बिशप आणि एल्डरमन या दोघांनी उपस्थित राहून धर्माचा व राज्याचा कायदा सांगण्याचे ठरविले. एल्डरमन हा राजाने नेमलेला उच्चकुलीन प्रांतप्रमुख असून युद्धात आपल्या प्रांताच्या सैन्याचे नेतृत्व करी. इ. स. ९९१ मध्ये मॉल्डनच्या लढाईत पडलेला एसेक्सचा एल्डरमन बर्टनॉथ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन (मृ. १०२३) याने तर एथेलरेड व कनूट या दोन राजांसाठी कायद्यांचे मसुदे तयार केले. बिशप व एल्डरमन राजाच्या मंत्रणासभेत बसत आणि भूमिदानाच्या सनदांवर साक्षीदार म्हणून त्यांची नावे एकत्र येत.

वाकाटक ताम्रपट व अँग्लो-सॅक्सन सनदा यांत काही बाबतींत आश्चर्यकारक साम्य आहे. सनदांचा मुख्य मजकूर लॅटिनमध्ये व जमिनीच्या चतुःसीमा लोकभाषेत लिहिण्याची तेथील प्रथा वाशिम ताम्रपटातील संस्कृत-प्राकृत भेदाची आठवण करून देते. सनदी जमिनीला बहुतेक देण्यांतून सूट असे. तथापि सैन्यसेवा, तटबंदीचे काम व पुलांची दुरुस्ती ही तीन कर्तव्ये सामान्यतः राखून ठेवली जात. धर्मकार्याला दिलेल्या जमिनीमुळे राज्याचे संरक्षण दुबळे होईल, ही चिंता तेथेही होती. बीड या विद्वान भिक्षूने इ. स. ७३४ मध्ये यॉर्कचा बिशप एग्बर्ट याला लिहिलेल्या पत्रात, मठांच्या नावाखाली सरदार जमिनी मिळवितात व योद्ध्यांच्या पुत्रांना द्यावयास भूमी उरत नाही, अशी तक्रार केली आहे.

याच चिंतेवर दोन्ही समाजांनी शोधलेले उपाय मात्र भिन्न आहेत. इंग्लंडमध्ये राजाने दानभोग्याकडून निश्चित सेवा मागितली. चम्मकच्या दानात राजाने सेवा मागितली नाही, द्रोह न करण्याचे बंधन घातले. इंग्लंडमध्ये बिशपला शासनाचा भागीदार केले. वाकाटकांनी ब्राह्मणाला शासनाच्या त्रासातून मुक्त केले व कारभार अमात्यांकडे ठेवला. याचे मुख्य कारण संस्थेच्या स्वरूपात आहे. बिशपचे पद व्यक्तीच्या मृत्यूनंतरही टिकणारे होते. त्याला निश्चित प्रदेश, धर्मसभा व वरिष्ठांची श्रेणी होती. वैदिक ब्राह्मणांची अशी एकसूत्री संघटना नव्हती. दान व्यक्तीला किंवा व्यक्तींच्या समूहाला मिळे व वारसांमध्ये विभागले जाई. भिक्षुसंघ ही संस्था होती. पण प्रांताचा अधिकार तिच्याकडे देण्याची कल्पना येथे रुजली नाही. शिवाय राजवंश व काही अमात्यकुळे स्वतःच ब्राह्मण असल्यामुळे लेखन, शास्त्र व कायदा यांचे ज्ञान राजसभेत उपलब्ध होते. इंग्लंडच्या राजाला ते प्रामुख्याने धर्मसंस्थेकडूनच घ्यावे लागले.

या भेदाचा परिणाम कागदपत्रांच्या इतिहासातही दिसतो. इंग्लंडमधील अनेक सनदा वुस्टरसारख्या धर्मपीठांच्या दप्तरांत जतन झाल्या. वाकाटकांचे ताम्रपट दान घेणाऱ्या कुटुंबांच्या ताब्यात राहिले आणि आज ते सलग दप्तरातून नव्हे, तर विखुरलेल्या सुट्या रूपात हाती आलेले आहेत. त्यामुळे वाकाटक शासनाचे चित्र तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागते आणि एखाद्या नव्या ताम्रपटाने त्यात मोठा बदल होऊ शकतो. वाशिम ताम्रपटाने तसा तो झालाही.

ऱ्हास व मूल्यमापन : हरिषेणानंतर वत्सगुल्म शाखा फार काळ टिकली नाही. दंडीच्या दशकुमारचरितातील विश्रुताच्या कथेत व्यसनी तरुण राजा, दुर्लक्षिलेला वृद्ध मंत्री, अश्मकराजाचे कपट आणि मांडलिकांची फितुरी यांमुळे विदर्भराज्य बुडाल्याचे वर्णन आहे. या कथेत वाकाटकांच्या अंताचे प्रतिबिंब पडले असावे, असे मिराशींचे मत आहे. कथा हा इतिहासाचा प्रत्यक्ष पुरावा नव्हे. तथापि अजिंठ्याच्या लेखांत दिसणारी अमात्यांची थोरवी, अश्मकांचे बळ व मांडलिकांची महत्त्वाकांक्षा यांच्याशी ती विसंगत नाही.

वाकाटककालीन भूमिदानांचा अर्थ लावताना अभ्यासकांत मतभेद आहेत. रामशरण शर्मा यांनी भारतीय सरंजामशाहीवरील आपल्या ग्रंथात (१९६५) अशा दानांमुळे राज्याचा महसुली व न्यायविषयक अधिकार विखुरला गेला व शेतकरी परतंत्र झाला, असे प्रतिपादिले. कृष्णमोहन श्रीमाळी यांनी १९८७ मध्ये वाकाटक लेखांच्या आधारे मध्य भारत व उत्तर दख्खनमधील कृषिव्यवस्थेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय प्रभृतींच्या मते मात्र दानांमुळे नव्या प्रदेशांत शेती, वसाहत व राजसत्ता यांचा विस्तार झाला. त्यांच्याकडे केवळ विघटन म्हणून पाहणे योग्य नव्हे. चम्मकच्या अटी या दोन्ही मतांच्या संदर्भात वाचता येतात. अधिकार देताना राजा तो गमावत होता हे जितके खरे, तितकेच त्याने तो परत घेण्याची वाट राखून ठेवली होती हेही खरे आहे.

धर्माला मान, अमात्याला कारभार व राजाला अखेरचा शब्द, अशी ही विभागणी होती. राजा समर्थ असेपर्यंत ती चालली. राजा दुबळा झाल्यावर अमात्य व मांडलिक यांना आवरणारी दुसरी कोणतीही टिकाऊ संस्था राज्यात नव्हती आणि दानपत्रांतील अटी अमलात आणणाराही कोणी उरला नाही. या सर्व व्यवस्थेचा भार ज्यांच्या शेतावर, बैलांवर व श्रमावर होता, ते कुटुंबिक लेखांत एका सामूहिक शब्दाने येतात. फुले, दूध, कातडी, कोळसा, खाट व वेठ यांच्या याद्यांतून त्यांच्या जीवनाची जी अल्प माहिती मिळते, ती वाकाटक दानपत्रांनी नकळत जतन केलेली मौलिक सामग्री होय.